वाट पाचशे एकची

मित्रांनो, मी एक जुना फोल्डर आहे. तुम्ही दिवसातून शंभरदा उघडता आणि मिटता, तसाच एक. संगणकाच्या पोटात राहतो, जागा फारशी खात नाही. माझे नाव ‘चुका’. हसू नका, हे नाव माझ्या मालकांनी पुष्कळ विचार करून ठेवले आहे.

मला डोळे नाहीत. खोलीत जे बोलले जाते ते कानावर येते आणि कीबोर्डवर जे टाइप होते ते माझ्या अंगावर उमटते. बाकीचे थोडे अंदाजाने सांगेन, ते चालवून घ्या.

माझे मालक जुळारी होते. जुळारी म्हणजे छापखान्यात शिशाचे एकेक अक्षर उचलून ओळ जुळवणारा माणूस. चाळीस वर्षे त्यांनी छापखान्यात काढली. मधेच शिसे गेले, संगणक आले, तेव्हा वयाच्या पन्नाशीला ते संगणकावरची जुळणी शिकले आणि तरुणांना शिकवू लागले. चाळीस वर्षांत त्यांनी दुसऱ्यांची शेकडो पुस्तके जुळवली. स्वतःचे एकही नव्हते. निवृत्त झाल्यावर लेकीने त्यांना एक संगणक घेऊन दिला आणि पहिल्याच सकाळी त्यांनी मला जन्माला घातले. छपाईतल्या चुका आणि त्या चुकांच्या गोष्टी, असे पुस्तक त्यांना लिहायचे होते. म्हणून मी ‘चुका’.

त्यांचा जुळणीचा प्रोग्राम जुन्या वळणाचा होता. आधी साधा मजकूर लिहायचा, कुठे मथळा, कुठे परिच्छेद, याच्या खुणा करायच्या आणि मग त्याला सांगायचे, जुळव. तो दर वेळी सगळे पुस्तक पहिल्या पानापासून नव्याने जुळवतो. अक्षरांचा आकार एका जागी बदलला की सगळी पाने बदलतात. हे करताना तो पुस्तकाची फाइल तर लिहितोच, शिवाय अनुक्रमणिकेची एक लिहितो आणि आपण काय काय केले याची रोजनिशीही लिहितो. हे सगळे तो माझ्यातच लिहितो, म्हणजे मी लिहू दिले तरच.

आता आमच्या जातीची एक गोष्ट सांगतो, कारण पुढचे सगळे रामायण तिच्यामुळेच घडले. आम्ही फोल्डर मालकाला नावाने ओळखत नाही. आमच्यावर मालकाचा नंबर कोरलेला असतो. माझ्या मालकांना त्या संगणकाने नंबर दिला होता पाचशे एक. पाचशे एकने वाचावे आणि लिहावे, इतरांनी फक्त वाचावे, असे त्यांनी मला बजावून ठेवले होते. मी ते डोळ्यांत तेल घालून पाळले. डोळे नाहीत हे खरे, पण बोलायची पद्धत असते.

इतकी कडक शिस्त का, तर त्यामागे एक पत्रक होते. तरुणपणी त्यांनी एका दवाखान्याचे पत्रक जुळवले होते. मजकूर होता, ‘नातेवाइकांनी चिंता करू नये, सर्व व्यवस्था आहे.’ एका कागदावर दोन पत्रके निघावीत म्हणून त्यांनी तो मजकूर दोनदा जुळवला. दोन्हीकडे ‘चिंता’वरचे टिंब राहून गेले. प्रूफ आले, त्यांनी एकीकडे टिंब दिले आणि दुसरीकडे द्यायचे विसरले. दोन हजार पत्रके छापली गेली आणि त्यातल्या एक हजारांवर आले, ‘नातेवाइकांनी चिता करू नये, सर्व व्यवस्था आहे.’ गाव हसले. दवाखान्यात मात्र ज्या घरचे माणूस खरेच अत्यवस्थ होते, त्या घरातली एक बाई ते पत्रक हातात धरून छापखान्याच्या दारात येऊन उभी राहिली. माझ्या मालकांना ती बाई जन्मभर आठवत राहिली.

तेव्हापासून त्यांनी कानाला खडा लावला. एका मजकुराची एकच प्रत ठेवायची, दुसरी करायची नाही. आणि शेवटचे प्रूफ कागदावर स्वतः वाचल्याशिवाय काहीही छापायला सोडायचे नाही. या दोन नियमांपुढे ते कोणाचे ऐकत नसत.

सहा वर्षे ते रोज सकाळी माझ्याकडे आले. त्यांच्या बोटांचा ठोका मला पाठ झाला होता. पूर्णविराम दिला की ते स्पेस दोनदा मारत. शिशाच्या जुळणीत वाक्य संपले की जास्त जागा सोडायची त्यांना सवय होती, ती हातातून गेलीच नाही. जुळणीचा प्रोग्राम दोन स्पेस एकच समजतो, त्यामुळे पुस्तकात त्या कधी दिसत नाहीत. मला मात्र त्या कळत. टक्‌टक्‌ झाले की मी समजायचो, वाक्य मनासारखे झाले. ती सहा वर्षे माझ्या आयुष्यातली सगळ्यांत सुखाची. काय सांगू मित्रांनो, अजूनही कोणी कीबोर्डला हात लावला की मी तो दुहेरी ठोका शोधतो.

पुस्तक पुरे झाले त्याच सुमाराला त्यांच्या दोन्ही डोळ्यांच्या मध्यभागी धुरकट डाग पडू लागला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले की डाग वाढत जाणार, काय वाचायचे असेल ते लवकर वाचून घ्या. मालक डॉक्टरांकडून आले आणि त्यांनी लेकीला एवढेच सांगितले की प्रूफ मोठ्या अक्षरांत काढायला हवे. आणि नेमका त्याच आठवड्यात आमचा संगणक बंद पडला. दुरुस्तीवाल्याने हात टेकले, माझी डिस्क बाहेर काढून एका छोट्या डबीत बसवली, वायर जोडली आणि ती लेकीच्या हातात दिली. सहा वर्षांचे घर पाच मिनिटांत सुटले.

लेक रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. नेटकी, शांत, प्रत्येक नळीवर चिठ्ठी लावणारी. तिने त्यांना आपल्या घरी आणले आणि डबी आधी नवऱ्याच्या ऑफिसच्या लॅपटॉपला जोडली. तो संगणक वेगळ्याच घराण्यातला. त्याला माझी डिस्क वाचताच येईना. आपल्याला येत नाही असे कबूल करायचे सोडून त्याने विचारले, ही डिस्क फॉरमॅट करू का? म्हणजे सगळे पुसून कोरी करू का? जावई मनमोकळा माणूस, समोर ‘हो’ दिसले की दाबून मोकळा होणारा. लेकीने त्याचा मनगटाशी हात धरला आणि वायर उपटून काढली. त्या दिवशी मी थोडक्यात वाचलो.

मग तिने मला घरच्या संगणकाला जोडले. हा आमच्यातलाच निघाला. तिने मला उघडले, सगळी प्रकरणे दिसली, वाचता आली. तिने हाक मारून सांगितले, “बाबा, सगळं आहे.” खोलीच्या पलीकडून मालकांनी सुस्कारा सोडलेला मी ऐकला. मग तिने अक्षरांचा आकार बाराचा वीस केला आणि सेव्ह करायला गेली.

मी नाही म्हणालो.

माझा इलाज नव्हता. त्या संगणकाने तिला नंबर दिला होता एक हजार. माझ्यावर कोरले होते पाचशे एक. जुळणीच्या प्रोग्रामनेही दार ठोठावून पाहिले आणि मग पडद्यावर त्याचे ठरलेले वाक्य लिहिले, या फाइलवर मला लिहिता येत नाही, दुसरे नाव सांगा. पुढचा सबंध आठवडा ते वाक्य त्या घरात पाठ झाले. दुसरे नाव सांगा म्हणे. मला दुसरे नाव नकोच होते, मला पाचशे एक हवे होते आणि ते तर चार हातांवर खुर्चीत बसले होते.

लेकीने मग एक युक्ती केली. तिने त्या संगणकावर वडिलांच्याच नावाचे खाते उघडले. मालकांनी आपला जुना पासवर्ड मोठ्याने, एकेक अक्षर सुटे करून सांगितला, तोच तिने ठेवला. नाव तेच, पासवर्ड तोच. मी किती आशेने वाट पाहिली! पण संगणकाने त्या खात्याला नंबर दिला एक हजार एक. नाव ओळखीचे, माणूस परका. मी पुन्हा नाही म्हणालो. तिने त्या दिवशी पहिल्यांदा टेबलावर हात आपटला.

तुम्ही म्हणाल, तिने माझी एक प्रत करून तिच्यात का नाही लिहिले? जावयाने हेच सुचवले. पण एकच प्रत हा बापाचा नियम ती लहानपणापासून ऐकत आली होती. छापखान्याच्या दारातली बाई तिला न पाहताही माहीत होती. वडिलांना दिसत नाही म्हणून त्यांच्या पाठीमागे दुसरी प्रत करायची, हे तिला पटेना.

शेवटी जावयाने बाह्या सरसावल्या. प्रत्येक संगणकात एक सर्वाधिकारी असतो, अ‍ॅडमिन. त्याला कोणत्याही दाराला विचारावे लागत नाही. जावयाने अ‍ॅडमिनचा पासवर्ड टाकला, आकार वीस केला, जुळव म्हणाला आणि पुस्तक बाहेर आले. घरात आनंदीआनंद झाला. मला मात्र कोणी माझे दार खांद्याने फोडल्यासारखे वाटले.

पाने छापली. मालक खिडकीपाशी भिंग घेऊन बसले. बराच वेळ कागदाची सळसळ ऐकू आली. मग त्यांनी शांतपणे सांगितले, “अक्षर लागतंय. टिंब नाही दिसत.”

जुळाऱ्याला अक्षर ओळखीवरून वाचता येते. टिंब मात्र दिसावेच लागते, ते आहे की नाही हे अंदाजाने ठरत नाही. आणि ज्या माणसाची आयुष्यातली सगळ्यांत मोठी चूक एका टिंबाची, तो अंदाजाने प्रूफ पास करणार नव्हता. आकार आणखी वाढवायला हवा होता. डाग थांबायला तयार नव्हता.

दुसऱ्या दिवशी जावई कामाला गेला होता, म्हणून लेकीने स्वतः जुळणी करून पाहिली. आता तर आणखीच गोंधळ. अ‍ॅडमिनने जे जे लिहिले होते, ती अनुक्रमणिका, ती रोजनिशी, ते पुस्तक, सगळ्यावर अ‍ॅडमिनचा नंबर बसला होता. बाकीच्या फाइलींवर पाचशे एक. माझ्याच घरात दोन मालक झाले आणि लेक दोघांपैकी कोणीच नाही. दुसरे नाव सांगा, दुसरे नाव सांगा. तिच्या नाकी नऊ आले.

तिने मावसबहिणीला फोन केला. ही मावसबहीण एका कॉलेजातले संगणक सांभाळते, बोलायला फटकळ. लेकीने फोन टेबलावर ठेवून स्पीकर लावला होता, म्हणून मला सगळे ऐकू आले. ती म्हणाली की फोल्डर नाव ओळखत नाही, नंबर ओळखतो, तुम्ही दोघांनी विनाकारण डोकेफोड केलीत. दर वेळी अ‍ॅडमिन होऊन दार फोडू नका, गुंता वाढतच जाईल. एकाच ओळीची कमांड आहे. मग तिने ते शब्द उच्चारले.

“फोल्डर आतल्या सगळ्यासकट तुझ्या नावावर करून घे.”

नावावर करून घेणे. हे शब्द कधी वापरतात ते मोठ्यांना विचारा. माणूस गेल्यावर, नाहीतर जायला टेकल्यावर. मावसबहीण संगणकाबद्दल बोलत होती, पण लेकीने ऐकले ते वेगळेच. ती हळू आवाजात म्हणाली, “बाबा बसलेत ना अजून समोर.” आणि तिने फोन ठेवला.

तीन दिवस तिने मला हात लावला नाही. वडिलांनी विचारले की ती सांगे, संगणक नवीन आहे, वेळ लागतोय. त्या तीन दिवसांत मी जेवढा झुरलो तेवढा कधी झुरलो नाही. मला पाचशे एकचेच राहायचे होते. तो नंबर त्यांनी माझ्यावर कोरला होता, त्यांची तेवढीच एक खूण माझ्यावर होती. पण ती खूण धरून बसलो तर त्यांचे पुस्तक त्यांनाच वाचता येणार नाही, हेही मला कळत होते. कळून काय उपयोग? फोल्डरला स्वतःचा मालक बदलता येत नाही.

चौथ्या दिवशी सकाळी मालकांनी लेकीला जवळ बसवून घेतले. ती काहीतरी लपवते आहे हे त्यांना डोळ्यांवाचून दिसले होते. तिने शेवटी सगळे सांगितले, पाचशे एक आणि एक हजार, आणि ती एक ओळ.

मालक आधी हसले. मग म्हणाले, “अगं, मालकी ठेवून काय लोणचं घालायचंय मला? छापखाना सोडला त्या दिवशी माझी स्टिक, अक्षरं लावायची ती पट्टी, मी शेजारच्या पोराच्या हातात दिली. हातात दिली म्हणून तो ओळ जुळवू शकला. कर तुझ्या नावावर.”

ती म्हणाली, “तुमचं नाव जाईल त्याच्यावरून.”

“नाव पुस्तकावर आहे. ते नीट छापून आलं म्हणजे झालं,” ते म्हणाले. “आणि मी वाचेपर्यंत तुझ्या आईशपथ कुठे जात नाही.”

तिने ती ओळ टाइप केली. एकेक अक्षर तपासत, रक्ताच्या नळीवरची चिठ्ठी तपासावी तशी. मग एंटर दाबले. मित्रांनो, एका क्षणात झाले. मी आणि माझ्या आतल्या साऱ्या फाइली, पाचशे एकच्या आणि अ‍ॅडमिनच्याही, एक हजारच्या झालो. दुखले नाही. पण सहा वर्षांत पहिल्यांदाच मला माझ्या दारावर मालकांचा नंबर सापडेना आणि मला रडू आले. लेकही रडत होती, तिचे थेंब कीबोर्डवर पडत होते. तिने डोळे पुसले, आकार छत्तीस केला आणि सेव्ह म्हणाली. मी होय म्हणालो.

छत्तीसच्या अक्षरांत पानावर अकराच ओळी बसल्या. दीडशे पानांचे पुस्तक नऊशेच्या वर गेले. जावई कागदाचे गठ्ठे आणता आणता म्हणाला की सासऱ्यांचे प्रूफ उचलायला आता हमाल ठेवावा लागणार. मालकांनी पहिले पान घेतले, खिडकीत धरले, मान थोडी तिरकी केली, कारण डोळ्यांच्या कडांना अजून दिसत होते. मग ते म्हणाले, “टिंब आहे.”

बावीस दिवस ते रोज सकाळी ऊन असेपर्यंत वाचत. चूक सापडली की लेकीला सांगत, ती दुरुस्त करी. दर दिवशी ते पान आणखी तिरके धरू लागले. लेकीने त्यांची खुर्ची दोनदा खिडकीच्या आणखी जवळ सरकवली. पुस्तकातली शेवटची गोष्ट त्या पत्रकाची होती. तिथे पोहोचल्यावर ते थबकले आणि त्यांनी तेच पान पुन्हा वाचायला घेतले. मग ते एवढे हसू लागले की लेक स्वयंपाकघरातून धावत आली.

“इथे टिंब आहे,” ते म्हणाले.

तिने पाहिले. ‘पत्रकावर छापून आले, नातेवाइकांनी चिंता करू नये.’ ती म्हणाली, “बरोबर तर आहे, बाबा.”

“तेच तर चुकलंय. चूक दाखवायची होती ना इथे? चाळीस वर्षांच्या धाकानं हातानं आपसूक टिंब देऊन टाकलं. चुकांच्या पुस्तकात एक चूक राहिली, तीही बरोबर लिहिल्याची.”

लेक दुरुस्त करायला बसणार, तेवढ्यात त्यांनी तिला उठवले आणि स्वतः खुर्चीत बसले. पडदा त्यांना दिसत नव्हता. तिने जागा शोधून दिली आणि त्यांची बोटे कीबोर्डवर ठेवली. खाते तिचे होते, नंबर एक हजार. नियमाने पाहिले तर लेकच लिहीत होती. त्यांनी ‘चिंता’ पुसून ‘चिता’ लिहिले. मग गोष्टीच्या अगदी शेवटी जाऊन एक नवे वाक्य जोडले, ‘ही चूक माझी.’ आणि पूर्णविरामानंतर स्पेसवर अंगठा पडला. टक्‌टक्‌.

मित्रांनो, नंबर काय म्हणत होता याची मला त्या क्षणी काही पर्वा नव्हती.

तेवढे पान कागदावर काढून त्यांनी पुन्हा वाचले आणि सांगितले की आता छापायला सोडा. पुस्तक छापले गेले, लहान अक्षरांत, सगळी टिंबे जागच्या जागी, एक सोडून. आता त्यांना कडांनीही दिसत नाही. संध्याकाळी लेक त्यांना पुस्तकातले एखादे पान वाचून दाखवते आणि कुठे स्वर चुकला की ते तिला थांबवतात. मला ती वरचेवर उघडते, आत पाहते आणि काही न लिहिता मिटते. मला उघडले की मी अजून त्या ठोक्याची वाट पाहतो. जुनी सवय आहे, जायची नाही.

तुमच्या घरीही माझ्यासारखा एखादा कोणाच्या तरी जुन्या संगणकात पडून असेल. ज्यांनी त्यात लिहिले ते जवळ बसलेले आहेत तोवरच त्यांच्याकडून दार उघडून घ्या. नावावर करून घे म्हणायला लाजू नका आणि कर म्हणायला कोणी उशीर करू नका. आणि कधी हे पुस्तक तुमच्या हाती आले, तर शेवटचे वाक्य वाचा. ‘ही चूक माझी.’ तिथे पूर्णविरामापुढे तुम्हाला काही दिसणार नाही. तिथे दोन स्पेस आहेत. त्या छापल्या गेल्या नाहीत, माझ्याकडे आहेत.